दुरुस्तीसह वा दुरुस्तीविना

आचारसंहिता लागली की आमच्या टेबलाशी बंदुका येतात.
बागायतदार जीपमधून उतरतात, डबल बोअर जमा करतात,
पावती घेतात, चहाला थांबत नाहीत.
वळसंगच्या चन्नव्वा बिराजदार एस.टी.नं आल्या,
वाकळेत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी मांडीवर घेऊन.
कंडक्टरनं अर्धं तिकीट मागितलं म्हणे.
"नातू निजलाय म्हणून दिले पैसे. काय सांगायचं त्याला?"

वाकळेतून ठासणीची बंदूक निघाली.
परवाना सासऱ्यांच्या नावावर, कारण पीकसंरक्षण.
ज्वारी, काळवीट, रानडुक्कर.
सासरे जाऊन एकोणीस वर्षं झाली,
शिक्के त्याच्याही आधी थांबलेले.

कायद्यात एक वाक्य आहे, मला ते पाढ्यासारखं पाठ आहे:
जुन्या घडणीचं, पुराणवस्तूचं मोल असलेलं किंवा मोडकं,
आणि दुरुस्तीसह वा दुरुस्तीविना
जे चालूच शकत नाही, त्याला परवाना नको.

"किती जुनी आहे?"
"मी लग्न होऊन आले तेव्हा खुंटीवर होती."
"त्याच्या आधी?"
"त्याच्या आधी मी नव्हते की ओ."
नळीवर नंबर नाही, कारखान्याचं नाव नाही.
एक चांदणी कोरलेली, तीही अर्धी पुसलेली.

मुख्यालयातून हवालदार मुजावर आले.
त्यांनी घोडा मागे ओढला, तो मागेच राहिला.
"कमान गेलीय."
मी पेन उचललं.
"थांबा मॅडम. मंगळवार पेठेत कुलपाची कमान आणून बसवली तरी चालंल ही."
मी पेन ठेवलं.

दुरुस्तीसह.
माझे वडील गिरणीत जॉबर होते.
गिरणी बंद पडल्यावर बावीस वर्षं म्हणत राहिले,
माग ठणठणीत आहेत, नुसतं तेल द्या.
या कलमाखाली त्यांनाही परवाना लागला असता.

मग मुजावरांनी नळीत गज सोडला,
तोंडाशी अंगठ्यानं खूण धरली,
बाहेर काढून नळीच्या अंगाला लावला.
वीतभर कमी.
"भरलेली आहे."

शिपाई कप ठेवून बाहेर गेला.
आम्ही सगळे भिंतीला लागलो.
चन्नव्वा बाकावरच. मला वळसंगच्या रस्त्यावरचे
खड्डे आठवत होते, एकेक, त्यांच्या मांडीखाली.

आवारातल्या लिंबाखाली आकड्यानं ओढत
त्यांनी अर्ध्या तासात सगळं बाहेर काढलं.
नारळाची शेंडी, चांगली मूठभर.
निळ्या धोतरकाठाची चिंधी.
मग दारू, आळशीसारखी काळी, वर्तमानपत्रावर.
"छर्रा?"
मुजावरांनी नळी उलटी करून आपटली.
"छर्रा नाही. एकही. नुसता आवाज होता हो हा."

चन्नव्वा आधी हसल्या.
"लांडगा मारलाय म्हणायचे. शिवारभर सांगितलेलं."
मग पदर नीट केला, पुन्हा केला.
"एकोणतीस वर्षं ताट गार होऊ दिलं नाही मी.
खुंटी दिसायची ना चुलीपासून."

मुजावरांनी चिमूटभर दारू कट्ट्यावर ठेवून काडी लावली.
भक्क.
पांढरा धूर, गड्ड्याच्या जत्रेतला वास.
कोणी काही बोललं नाही.
चिमणी नाही, राघू नाही, एक कावळा तेवढा उडाला.

फॉर्मवर दोन रकाने आहेत, शस्त्र आणि पुराणवस्तू.
दोन्हींच्या मधल्या रेघेवर मी लिहिलं:
अभिप्रायार्थ सादर.
सुतळीला चिठ्ठी बांधली, सत्तेचाळीस नंबर, मालखान्यात.

चन्नव्वांनी वाकळ झटकली, चौपदरी घडी घातली,
पावती न वाचता कमरेला खोवली.
शेंडी मात्र मागून घेतली.
कढई घासायला होईल म्हणाल्या.